तळचं बटण

अ‍ॅन्सन सांगतो, ए दाब.
त्याचा एक्सबॉक्स मामानं कतारहून आणलेला, त्याचा ए खाली.
माझ्या स्विचचा ए उजवीकडं.
मी दाबते, आणि हातातली बंदूक पुलावरून नदीत.
भरमू म्हणतो, माझ्याकडं ए नाही, बी नाही,
गोल, फुली, त्रिकोण, चौकोन,
अंगणवाडीचा तक्ता दिलाय की रे मला.
गोकाकहून बसलिंग, कीबोर्डवाला,
स्पेस स्पेस ओरडत एकटाच उड्या मारतोय.

तीन गुरुवार असे हरलो.
चौथ्या गुरुवारी ठरलं, अक्षरं नकोत.
तळचं. वरचं.
डावं-उजवं बसलिंगच्या सोयीनं,
कारण घाईत त्याला मराठी सुचत नाही.
"एडक्के! एडक्के!" तो पहिल्यांदा ओरडला तेव्हा
भरमू खेळ सोडून भांडत बसला,
येडं कुणाला म्हणूलाईस?
तेवढ्यात दोघंही मेले.
आता आमच्यात येडं म्हणजे डावं.
परवा बसमध्ये तोंडातून गेलं,
मामा, येड्या बाजूला थांबवा.
कंडक्टरनं थांबवली.

त्याआधी दोन वर्षं
चौघं एकाच खेळात होतो आणि भेटत नव्हतो.
तीच नदी, तोच पूल,
पण ज्याची पेटी त्याचं आभाळ.
मग एका रात्री अपडेट आला,
सेटिंगच्या तळाशी एक खटका.
मी तो सरकवला
आणि पुलाच्या पलीकडून भरमू चालत आला
निळं शिरस्त्राण घालून, खोकत.
अप्पा आतून म्हणाले, काय गं, हसूलीस काय एकटीच?

नावांचं मात्र अजून जमलेलं नाही.
मी देवनागरीत लिहिलं, वैजू.
बसलिंगनं कन्नडमध्ये.
यंत्राला दोन्ही येत नाहीत.
आमच्या डोक्यांवर नुसते चौकोन,
माझे चार, त्याचे सहा.
माझ्या काकांनी पाटीवरच्या अक्षरांपायी लाठी खाल्लेली,
पाठ अजून थंडीत धरते.
त्याच्या मामानं एका पाटीला डांबर फासलेलं, तोच सांगतो.
"चार चौकोन, मागं बघ," तो म्हणतो.
मी मागं बघते.

मी बाचीत. भरमू शिनोळीत.
मधे ऊस, एक ओढा, आणि राज्य बदलल्याची पाटी.
हाक मारली तर वारा बरा असेल त्या दिवशी पोचेल.
पण माझा आवाज आधी मुंबईला जातो,
तिथून सिंगापूरला, असं अ‍ॅन्सन म्हणतो,
आणि मग शिनोळीला येतो, जरा फाटून.

काल साडेअकराला लाइट गेली.
कॅम्पात अ‍ॅन्सनचीही गेली.
बसलिंगचा यूपीएस सात मिनिटं टिकतो,
त्यातली सहा त्यानं हेस्कॉमला शिव्या देण्यात घालवली,
हे मला नंतर कळलं.
मी स्लॅबवर गेले.
आमच्याकडं काळं ठिक्कर, कुत्रीसुद्धा गप्प.
ओढ्यापलीकडं शिनोळी सगळी पेटलेली,
कारखान्याचे दिवे, हॉटेलची लाल-हिरवी माळ,
त्यांची तार वेगळी.
त्यातली एक खिडकी भरमूची असणार,
कुठली ते मला कधी माहीत नव्हतं.
जायची वेळच आली नाही.

फोन लावला. म्हणाला,
तू पुलावर उभी हैस. हलूलाय नाहीस.
अ‍ॅन्सन गुडघ्यावर, बसलिंग अर्धा पाण्यात.
मी तुमच्या पुढं थांबलोय.
म्हटलं, बंद कर की. झोप. हरलो म्हणायचं.
तिकडून कोणीतरी गोळ्या झाडत होतं.
तळचं दाबून धरलंय, म्हणाला,
सोडलं तर ढाल पडतीय.

फोन कानाला,
दुसरा हात कठड्यावर.
अंधारात माझाही अंगठा
सिमेंटवर दाबून धरलेला होता.