उद्देश

धर्मादायच्या कारकुनाने विचारलं, उद्देश काय लिहू?
पळणे, म्हणाल्या दाणीबाई.
त्याने चष्म्यावरून आम्हा आठजणींना मोजलं
आणि लिहिलं: विणकाम, भरतकाम व तत्सम.
पावती घेऊन जिना उतरताना
शेवंता म्हणाली, असू दे,
टाकेच घालायचेत ना, लांब लांब घालू.

पहाटे पाचला गोल्फ क्लबवर तेव्हा
कुत्री असत, आणि एक निवृत्त न्यायाधीश;
आम्ही दिसलो की ते फेरी उलटी घालत.
चुन्याला पैसे नव्हते.
यास्मिनने घरून तांदळाची पिठी आणली, लेन आखल्या.
दुसऱ्या दिवशी चौथी लेन
मुंग्यांनी नेलेली, पार कुंपणापर्यंत.

बूट दोन जोड, पाय सात मापांचे.
शेवंता भोये पेठची, ती अनवाणीच.
बुटात जमीन ऐकू येत नाही म्हणायची.
मी पळत नसे. माझ्याकडे घड्याळ:
सातपूरच्या कारखान्यातलं, भावाने आणलेलं,
मशीनवरच्या माणसाचे हात किती सेकंदांत हलतात
ते मोजणारं. सोमवारी सकाळी परत द्यायचं.

मनमाडच्या शर्यतीत पुरुष सहाला सुटले.
आम्ही पाऊण तासाने, प्रदर्शनीय म्हणून.
दहा किलोमीटर संपवून शेवंता आली
तेव्हा मांडववाला कनात गुंडाळत होता,
पंच पोहे खात होते.
अंतिम रेषेची दोरीसुद्धा कुणीतरी
टेम्पोला बांधायला नेली होती.
मी हात आडवा धरला. ती त्याला छाती लावून गेली.
प्रमाणपत्रावर आलं: सहभाग.
वेळ फक्त माझ्या वहीत.

आता क्लबात तीनशेजणी आहेत, प्रत्येकीच्या बुटाला चिप.
परवा जुने कागद मागितले, तेव्हा पुन्हा वाचलं:
विणकाम, भरतकाम. दुरुस्त करूया, यास्मिन म्हणाली.
कुणी उठलं नाही.

मग वही निघाली.
शेवंता भोये, चाळीस एक्कावन्न.
की एकोणसाठ? शेवटचा आकडा घामाने फुटलाय,
एक आहे की नऊ, कळत नाही.
मी म्हटलं, एकच. मला आठवतंय.
शेवंताने चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं.
नऊच, म्हणाली.
पुलानंतर काटा मोडला होता पायात.
तुला बोलले नव्हते.