एक वॉशर उरला

रात्री साडेनऊला सगळं बसलं
आणि ट्रेमध्ये एक वॉशर उरला.
तांब्याचा. चवन्नीएवढा.

मुनीर तांबोळी म्हणाला, सोडा खैरनारसाहेब,
पासष्टच्या फियाटमध्ये एक वॉशर म्हणजे
पंगतीत एक जास्तीचं पान.

पण मी नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं काढलेला माणूस.
तिथं एक कागद कमी भरला तर गेट उघडत नसे,
एक जास्त भरला तरी नसे.
बायको भाजीची पिशवी घेऊन जेलरोडला उभी,
आणि आम्ही टेबलांखाली, एकमेकांच्या बाह्यांत
तो कागद हुडकत.

म्हणून बल्ब पुन्हा ओढून घेतला.
वडाळा नाक्यावरचे ट्रक शेडचा पत्रा हलवत होते.
डिसेंबर, पाना हाताला चावायचा.

ब्लॉक पालथा केला, चेंबर उतरवलं.
बेअरिंगच्या टोप्या: एक, दोन, तीन.
मी मोजायचो, मुनीर बोटानं चाचपायचा.
त्याचा माझ्या आकड्यावर विश्वास नाही,
माझा त्याच्या बोटावर नाही,
वर्षभर असंच चाललंय.
हेडला मात्र त्यानं हात लावू दिला नाही.
गॅस्केट एकदाच दबते, म्हणाला,
आत रिंगा आहेत, तोंडं फिरवून बसलेल्या जावांसारख्या,
त्यांना आता उठवू नका.

सव्वाला सगळं परत आवळलं.
काहीच कमी नव्हतं.
मुनीर पेटायचा क्रम पुटपुटत वायरी लावत होता,
एक, तीन, चार, दोन.
हा क्रम मला अजून खटकतो.
प्रेसमध्ये एकानंतर दोनच यायचा.

मग तो वायर हातात धरून थांबला.
"दुपारची रिक्षा!
ऑइल बदललं… ड्रेनचा बोल्ट…"
पुढं बोलला नाही.

म्हणजे आमची मोजणी बरोबर होती.
आणि शहरात कुठंतरी
एक रिक्षा रात्रभर गळत होती.

सकाळी इंजिन साखळीला लटकलेलं,
खाली उघडं बॉनेट,
उतरवायला चार हात हवेत, आणि आम्ही दोघं स्कूटरवर.
वॉशर माझ्या खिशात, चष्म्याच्या घरात.
द्वारकेकडं जाणाऱ्या डांबरावर काळे ठिपके,
मुनीर चालवतोय, मी वाकून मोजतोय,
एक, तीन, चार,
दोन