दीड स्टॉप

राष्ट्रीय उद्यानातून आणलेली एकशे बारा हिमशिखरं
धरणगावात, ऐन मे महिन्यात,
सुपडूअण्णांच्या काउंटरवर मांडली.
कूलरमध्ये पाणी नव्हतं.
सगळा बर्फ राखाडी,
चुलीतून उपसल्यासारखा.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.
"पांढरं दखीसन कॅमेरा घाबरस, भाऊ.
दीड स्टॉप जास्त द्यायचा."

तुम्ही कुठं पाहिला बर्फ?

त्यांनी खणातून एक जुना फोटो काढला:
जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी,
तिच्यावर उताणा झोपलेला हमाल,
आणि पांढरं असं पांढरं
की मला डोळे बारीक करावे लागले.

हमालाचा एक हात
कोपरापर्यंत रुतलेला.

मी तिथं पहाटे चारपासून उभा होतो.
शटर दाबतानासुद्धा
हातमोजे काढले नव्हते.