गाळ

ऑक्टोबर सरता सरता टाक्यांच्या बुडाशी
जे उरतं, ते आमच्याकडे येतं.
वरची निवळ वाइन केव्हाच नळीवाटे गेली,
बाटलीत, लेबलाखाली, परक्या कुणाच्या लग्नात.
आमच्या वाट्याला साका :
जांभळा, आंबूस, मेलेल्या यीस्टचा.

अक्सीनिया मावशी आधी ढोल गोरा करून घेते.
नाव ढोल, पण कुणी कधी टिपरू मारलं नाही याच्यावर.
माझ्याहून उंच, आडवा, पोलादी,
निम्मा हौदात बुडालेला,
आणि आतून सतत श्वास ओढणारा.
पांढरी माती पाण्यात कालवून हौदात सोडायची,
पोतं फोडताना तोंडाला फडकं बांधून.
कधीकाळी पाण्यात तरंगलेल्या शेवाळाची ही कवचं,
फुफ्फुसात गेली तर मुक्कामालाच राहतात.
ढोल फिरतो. मिनिटाला एक फेरा.
थरावर थर, तास-दीड तासात चार बोटं जाड.
"हात लाव," मावशी म्हणाली पहिल्या दिवशी.
गार होतं. ओलसर.
आजारी माणसाच्या गालासारखं.

मग साका सोडायचा.
रस आत जातो, गाळ बाहेरच चिकटतो
आणि पलीकडच्या अंगाला पातं वाट बघत असतं.
दर फेऱ्याला केसाहूनही कमी पुढे सरकतं,
गाळ सोलून काढतं
आणि गाळाबरोबर थोडी पांढरी मातीही.
"तेवढी जायचीच," मावशी म्हणते,
"नुसता गाळ खरवडणारं पातं
अजून कुणी घडवलेलं नाही."

गुरुवारी रात्री दोनला वीज गेली.
आधी पंपाची घरघर विझली,
मग काहूलच्या रस्त्यावरचा एक कुत्रा ऐकू आला,
मग ढोलावर एक चीर,
बोटाएवढी,
आणि सगळंच्या सगळं पांढरं आवरण
ओल्या भिंतीसारखं हौदात बसलं.

मी रडायच्या बेतात. मावशीनं खिशातून अक्रोड काढले,
दाराच्या फटीत धरून फोडले, अर्धे मला दिले.
"आत ओढणारं कुणी नसलं
की बाहेरचं कशाला धरून राहील?"
ती ढोलाबद्दलच बोलत होती बहुतेक.
तुदोसे काका नऊ वर्षं वेरोनात फरश्या बसवतात.
तिच्या गल्लीत अठरा घरं, धूर पाच धुराड्यांतून.
शाळेत प्रश्न असायचा, गाळलेल्या जागा भरा,
त्यात मला नेहमी पुरे मार्क पडायचे.

पहाटे चारला दिवे आले.
फावडी. बादल्या. तो पांढरा-जांभळा चिखल
ट्रॉलीत भरला, हौद धुतला,
पहिल्यापासून पुन्हा पोतं फोडलं, फडकी बांधली.
कुणीच काही बोललं नाही. घाम मात्र
दोघींनी सारखाच गाळला.

सातच्या सुमाराला तपासणीच्या काचेत
पहिली धार दिसली :
विटकरी, पातळ, आरपार.
मावशीनं नळाखाली पेला धरला,
खिडकीकडे उंचावून बघितला,
ओठांना लावला,
आणि तोंडावरचं फडकं काढायचं राहूनच गेलं.

तो जांभळा डाग
संध्याकाळच्या बसपर्यंत तिच्या गळ्यात होता.
मी सांगितलं नाही.