वातड

डॉक्टर अथणीकडचे. त्यांची मराठी
कानडीच्या उतारावरून घाईत येते.
'कूर्चा झिजली,' म्हणतात, की पुढचा नंबर.
झिजली म्हणजे काय झालं
हे सांगायचं काम बाहेरच्या टेबलावर, माझं.

मिरजेला गुडघे एसटीने येतात,
जतहून, आरगहून, कुणी पार कागवाडहून,
दोन्ही हातांनी धरून उतरवलेले.

कूर्चा या शब्दाशी माझं भांडण नाही.
स्वच्छ आहे, इस्त्रीचा आहे,
फक्त तो कुणाच्या ताटात कधी पडलेला नाही.

बेडगचे बाबालाल मुलाणी
टोपी मांडीवर ठेवून म्हणाले,
'खुर्ची झिजली?'
आणि वाकून बसल्या खुर्चीचे पाय बघायला लागले.

मी म्हटलं, खुर्ची नव्हे हो. मटणात नसतं का,
ते वातड...
त्यांनी हात वर केला.
पन्नास वर्षं सुरी धरलेला हात,
अंगठ्याला आडवा जुना व्रण.

'वातड येगळं, बाई.
वातड म्हंजी शीर, पडदा, मानंखालचा पट्टा.
चावा, चावा, गाल दुखतोय,
शेवटाला बोटानं काढून ताटाच्या कडंला.
तुमी म्हणताय ते वाजतं.'
माझं पेन घेऊन केसपेपरच्या पाठीवर
दोन हाडांची डोकी काढली, समोरासमोर.
'हितं. पांढरं, जरा निळसर.
सुरी लागली की सरकती,
वल्ल्या खोबऱ्यावरनं सरकावी तशी.
शिजलं की काचंगत.'

मग त्याला म्हणता काय तुम्ही?

'म्हणायचं कशाला? वाटा घ्यायला आलेला
नाव घिऊन मागतोय व्हय?
पोस्टातल्या एक धायगुडे बाई हुत्या.
त्या नुसत्या कानाला हात लावायच्या,
असा, वरच्या अंगाला, जिथं मुडपतो तिथं.
मी दोन तुकडं जास्त टाकायचो.'

आमच्या घरी मटण क्वचित, पण वातड रोजचं.
डबा उघडा राहिला की पापड वातड.
रात्रीची भाकरी सकाळी वातड.
भिशीचे पैसे सात महिने न देणारे
वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, तेही.
आणि तिसरं स्थळ परत पाठवलं तेव्हा
आत्या मला म्हणाली होती, वातड आहे कार्टी,
शिजायचीच नाही.
मला तेव्हा राग आला होता.
आता वाटतं, शिट्ट्या मोजत
तिनेच कुकरजवळ इतकी वर्षं काढली होती,
तिला ठाऊक असणार.

बाबालाल अजून त्या चित्राकडेच बघत होते.
'म्हंजी पन्नास वर्षं लोकांच्या वाट्यात घातलं
ते माझ्यात बी हुतं व्हय.'
थोड्या वेळाने:
'मग माझा वाटा कुणी खाल्ला?'

ओंडक्यापाशी उभं राहून राहून, मी म्हटलं,
सगळा भार उजव्या पायावर.
'म्हंजी मीच,' ते म्हणाले,
आणि टोपी घातली.

उठले तेव्हा गुडघा कट्कन वाजला.
आम्ही दोघांनीही ऐकलं.
'वाजतंय की,' ते म्हणाले. 'हाय अजून थोडं.'
झिजलं की जास्तच वाजतं
हे मला सांगायचं होतं, पगार त्याचाच आहे.
मी औषधाची चिठ्ठी घडी करून दिली.

आता कूर्चा कुणाला कळली नाही
तर मी म्हणते, कानाला हात लावा.
खाली नाही, वर. मुडपून बघा.
तसलंच गुडघ्यात असतं.
बघतात. शेजारचाही बघतो, त्याच्या शेजारचाही.
अकराच्या सुमाराला दार उघडून डॉक्टर बाहेर डोकावतात,
तर सगळा बाक कान धरून बसलेला.
एक क्षण ते थांबतात.
मग म्हणतात, पुढचा नंबर.