सोड्यांच्या डब्यातले शब्द

हर्षलाने जुन्या लग्नपत्रिका कापल्या, एकेकीचे चार तुकडे.
एका बाजूला कुणाचा तरी मुहूर्त, कुणाच्या तरी मामांचा आग्रह;
कोऱ्या बाजूला तिचा इंग्रजी शब्द,
खाली माझ्यासाठी देवनागरीत उच्चार
आणि त्याखाली अर्थ.
मी सातवी पास. विचारायला तेवढं पुरतं.

सोड्यांच्या रिकाम्या डब्यात साडेसहाशे शब्द.
झाकण उघडलं की आधी वास येतो,
मग भाषा.

तारामुंबरीच्या वाळूत मी खारे बांगडे पसरते,
ती माडाला पाठ लावून बसते.
ओल्या हाताने मी एक पत्ता उचलते.
"एफिमरल."
क्षणभंगुर, ती म्हणते.
बरोबर. पण मला विचारशील तर
बांगड्याच्या पाठीवरचा तो हिरवा-निळा,
होडीतून टोपलीत येईस्तोवर जातो तो.
"आये, परीक्षेत असा लिवन चलना नाय."

"गॅर्युलस." बडबड्या.
आम्ही दोघी एकदमच मयेकरणीच्या खळ्याकडे बघतो.
"टॅसिटर्न." अबोल.
या वेळी कुणीच कुठे बघत नाही.
जाळ्याच्या सुईतून दोरा ओढत तो म्हणतो, काय?
काय नाय.
ज्याला मी बावीस वर्षं घुम्या म्हणत आले
त्याला इतका रुबाबदार शब्द असेल
असं वाटलं नव्हतं.

"पेन्युरी" मी न विचारताच तळाला घातला.
तो येतो आम्हाला.

एकदा मीच उलटं विचारलं:
निखाराला काय म्हणतात गो तुझ्या इंग्रजीत?
भरती संपली, सुकती लागली नाही,
मधे पाणी नुसतं उभं राहून विचार करतं, तो निखार.
तिने फोनमध्ये बराच वेळ शोधलं.
स्लॅक वॉटर.
म्हणजे?
ढिलं पाणी.
मी म्हटलं, ज्याने हे नाव ठेवलं
तो त्या वेळी होडीत नसणार, काठावर चहा पीत असणार.
आणि मतलई?
लँड ब्रीझ.
घ्या. एका वाऱ्याला दोन शब्दांची मोट.
ती हसली नाही. वाळूत बोट ओढत राहिली
आणि लाटेने तिथवर यायला खूप वेळ घेतला.

दिवाळीनंतर ती परीक्षेला कोल्हापूरला गेली.
मग निकाल, मग कागद, मग विमान;
मग एक असं गाव, ज्याचं नाव
मी अजून खडीसाखरेसारखं तोंडात फिरवते, विरघळत नाही.
डबा इथेच राहिला.

सुकटावर कावळे उतरतात.
मी काठी उगारते: व्होरेशियस! मेल्यांनो, व्होरेशियस!
त्यांना अर्थ कळत असेल असं नाही,
पण एकदा एक थबकला.
बाजारात गिऱ्हाईक दर पाडायला बसतं
तेव्हा मनात म्हणते ऑब्स्टिनेट,
तोंडाने म्हणते, बरं, दहा कमी दे.

एका पत्त्यावर पाणी उडालं होतं.
"सॉलिस" एवढं राहिलं,
अर्थाच्या जागी शाईचा निळा ढग.
उन्हात धरला, उलटा धरला;
मागे कुणाचं तरी सहकुटुंब सहपरिवार.
विचारलं नाही कुणाला, शाळेतल्या बाईंनाही नाही.
माझं मीच ठरवलं:
सोलंच असणार ही. आमसुलांची तिकडची बहीण.
तिखट चढलं, छातीत जाळ झाला
की वाटीत घालायची.

रविवारी फोन येतो. तिकडे अजून दुपार,
इकडे मी तुळशीपुढचा दिवा लावून आलेली.
"आये, काय केलंस जेवूक?"
बांगड्याचा तिखला केला, म्हटलं. आणि कढी.
कढयेत सॉलिस वायच जास्त पडला.

पलीकडे निखार.
मला वाटलं, रेंज गेली.
मी फोन कानावरून काढून बघितला,
आकडे चालूच होते, सेकंद, सेकंद.

मग म्हणाली,
"माज्या वाटचा ठेव."