दोन-तीन, दोन-तीन

नाव डावीकडून उजवीकडे जाते
आणि जाता जाता अडखळते.
कृष्णेचं पाणी असं कधी अडखळत नसे,
असं आत्या म्हणाली नाही. तिने फक्त चष्मा पुसला.

बाहेर ईरीचा बर्फ, सरोवरावरून तिरका येणारा,
एप्रिल लागला तरी घरी जायचं न सुचणारा.
आत मी टीव्हीच्या पाठीमागे पोटावर आडवी,
छोटा टॉर्च दातांत,
धुळीत लेगोचा एक तुकडा
आणि कुठली वायर कुठे हे सांगणारी
निहारने सहावीत डकवलेली चिठ्ठी. शाई उडालेली.

ही सगळी खटपट चार सेकंदांसाठी.
ती अकरा वर्षांची असताना गावात शूटिंग झालं,
कुणीतरी हातात कंदील दिला, म्हणालं, घाट उतर.
ती उतरली.
सिनेमा साताऱ्याला लागला तेव्हा
नेमकं तिथेच रीळ तुटून जोडलेलं:
घाट रिकामा, मग एकदम हिरो.
साठ वर्षं ती सांगत आली
आणि आम्ही हो हो म्हणत आलो.

सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो,
अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठदा डोळा उघडतो.
हे निहारने पिझ्झा खाता खाता समजावलं.
"चोवीस अडीचं साठ," आत्या लगेच म्हणाली.
अडीचकी पाठ असलेलं आमच्यातलं हे शेवटचं माणूस.
पण अर्धं चित्र कोण दाखवणार?
म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा,
मग दोनदा, मग तीनदा.
आत्याची बोटं गुडघ्यावर वाजू लागली:
धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना.
"झपताल आहे की हा! नावेला कशाला झपताल?"
कऱ्हाडच्या शाळेत चौतीस वर्षं
तिने पोरींना समेवर आणलं होतं.

शनिवारी टीव्हीच्या मेनूत एक चलाखी सापडली.
दोन चित्रांच्या मध्ये तो आपल्या मनची चित्रं भरतो.
नाव लोण्यावरून सरकल्यासारखी सरकली.
"सीरियल वाटतेय," आत्या म्हणाली.
"आणि ते पाणी नळाचं आहे."
बंद केलं.

रविवारी समोरच्या ग्रॅबोव्स्कीने
गॅरेजमधून जाड केबल आणून दिली,
सोबत बायकोने केलेले पिएरोगी.
केबलने काही झालं नाही.
पिएरोगी संपले.

सोमवारी पडदा चोवीसवर आणला. मला वाटलं चोवीस.
ते निघालं तेवीस पूर्णांक नऊ सात सहा.
दर बेचाळीस सेकंदांनी एक चित्र गळायचं,
जपात मणी चुकावा तसं,
आणि आत्याची मान बरोबर तेवढ्याला हलायची.
एवढासा अपूर्णांक कुणी आणि का ठेवला असेल,
हा विचार करत मी पुन्हा वाकले
आणि पाठ धरली.

मंगळवारी नीट चोवीस.
नाव गेली.
नुसती गेली.
कुणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं काही झालंच नव्हतं.

मग घाट. मग ती.
दोन वेण्या, परकर वर खोचलेला,
कंदील हातापेक्षा मोठा.
आणि तिसऱ्या पायरीवर चित्र अडखळलं.
मी रिमोटकडे झेपावले, आता आणखी काय राहिलं—
"राहू दे गं," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली,
"ती ठेच माझी आहे.
अंगठा फुटला होता. पुन्हा घेऊ म्हणाले,
तोवर उजेड गेला."

निहारने चारदा मागे नेलं.
चारही वेळा ती अडखळली, सावरली,
कंदील विझला नाही.
इकडे सोफ्याखाली, लोकरी मोज्यात,
उजवा अंगठा जरासा हलला.

पाचव्यांदा पुढे जाऊ दिलं. हिरो आला.
"कर बंद," आत्या म्हणाली,
"याला चालता येत नाही."